पैवस्ती आणि ‘शेवटचे वाचन’ : न उघडलेल्या कागदाचे मूल्य कोणी ठरवावे?

१/
मराठेशाहीतील पत्रावर अनेकदा दोन तिथी आढळतात. एक पत्र लिहिल्याची. दुसरी ‘पै॥’ या खुणेपुढची, म्हणजे पत्र पोचल्याची. हिलाच पैवस्ती म्हणतात. ती पत्र पाठवणाऱ्याने नव्हे, तर ज्याच्याकडे पत्र आले त्याच्या दप्तरातील कारकुनाने घातलेली असते. पत्राच्या प्रवासाचा आणि त्यावरील निर्णयांचा क्रम लावताना अभ्यासकाला तिचा मोठा आधार असतो.

२/
संगणकातही प्रत्येक फाइलसोबत काही वेळा नोंदवलेल्या असतात. युनिक्सच्या परंपरेत त्या मुख्यतः तीन : मजकूर शेवटचा कधी बदलला, फाइलविषयीची माहिती (मालकी, परवानगी इत्यादी) कधी बदलली आणि फाइल शेवटची कधी वाचली. यांपैकी तिसरी, ‘एटाइम’, इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वाधिक मोहात पाडते.

३/
या तिसऱ्या नोंदीत एक गोम आहे. फाइल नुसती वाचली तरी नवी वेळ डिस्कवर लिहावी लागते. म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन. हजारो फाइली चाळणाऱ्या यंत्रावर हा भार लहान नसतो. एखादा कागद रुमालातून जितक्या वेळा निघेल तितक्या वेळा कारकुनाने त्यावर तिथी घालायची ठरवले असते, तर दप्तराचे काम केव्हाच ठप्प झाले असते.

४/
ही नोंद पूर्ण बंद करावी, तर काही जुने कार्यक्रम अडतात. पेटीत नवे पत्र आले आहे का, हे काही टपाल-कार्यक्रम ‘शेवटचा बदल’ आणि ‘शेवटचे वाचन’ यांची तुलना करून ठरवत. बदल वाचनानंतरचा असेल, तर पत्र नवे.

५/
लिनक्सने यातून ‘रेलटाइम’ नावाचा मध्यममार्ग काढला. २००९ पासून तोच तेथील मूळ रिवाज आहे. फाइल बदलल्यानंतरचे पहिले वाचन नोंदवायचे. एरवी आधीची नोंद एका दिवसाहून जुनी असेल, तरच ती पालटायची. विंडोजने व्हिस्टा आवृत्तीत ही नोंद मुळातच बंद ठेवली होती.

६/
लेखनानंतरचे पहिले वाचन तेवढे टिपावे, हे तत्त्व पैवस्तीच्या फार जवळचे आहे. कारकुनाने पत्र कितीदा वाचले गेले ते मोजले नाही. ते हाती केव्हा आले एवढेच टिपले. निर्णयाला उपयोगी पडेल तेवढेच नोंदवावे, ही जाण दोन्हीकडे दिसते.

७/
साम्य येथे संपते. पैवस्ती माणसाने जाणीवपूर्वक केलेली नोंद आहे. एटाइम पालटायला माणूस लागतोच असे नाही. विषाणूशोधक, शोधसूची किंवा बॅकअपचा कार्यक्रम यांनी फाइल उघडली तरी ती पालटू शकते. आणि माणसाने खरोखर वाचले, तरी रेलटाइममुळे ती जुनीच राहू शकते. म्हणून ‘ही फाइल अमुक दिवशी कोणीतरी वाचली’ असे विधान केवळ एटाइमवरून करणे म्हणजे कच्च्या पुराव्यावर पक्के घर बांधणे होय.

८/
खरा धोका याहून मोठा आहे. ‘बराच काळ न उघडलेल्या फाइली हलवा किंवा काढून टाका’ असा नियम अनेक साठवण-व्यवस्थांत लावता येतो. तात्पुरत्या फाइलींसाठी तो ठीक. मोडी कागदांच्या छायाप्रतींना तो लावला, तर सर्वांत आधी बळी जाईल तो आजवर कोणी न वाचलेला कागद.

९/
करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याचे दप्तर आज कोल्हापूर पुरालेखागारात आहे, आणि मोडी सराईतपणे वाचणारे थोडे उरले आहेत. अशा स्थितीत एखादा कागद न उघडला जाणे, हा त्याच्या निरुपयोगीपणाचा पुरावा ठरत नाही. वाचकांच्या टंचाईचा ठरतो.

१०/
सरकारी अभिलेखकक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायम जपायचा. हा वर्ग कागदाच्या विषयावरून ठरतो. तो शेवटचा कधी उघडला यावरून नव्हे. डिजिटल संग्रहांनीही हाच दंडक पाळला पाहिजे.

११/
वाचनाची नोंद हवीच असेल, तर ती वेगळी ठेवावी : रुमाल क्रमांक, वाचकाचे नाव, तारीख, प्रयोजन. पुरालेखागारात कागद मागवताना भरावे लागणारे मागणीपत्र हेच काम करते. छायाप्रतींच्या प्रत्येक संग्रहाला अशी नोंदवही असावी, आणि कोणती प्रत ठेवायची याचा निर्णय यंत्राने टिपलेल्या वेळेवर कधीही सोडू नये.