कसणाऱ्याचा मळा की कुबेराची तिजोरी?

बरगंडीच्या तांबड्या वाइनचे नाव काढले की आपल्यातील अनेकांच्या कपाळाला आठी पडते. दारूच्या गुत्त्यांपुढे ज्यांनी निदर्शने केली, त्यांनी श्रीमंतांच्या पेयाची चिंता का वाहावी, असे विचारले जाईल. मला चिंता आहे ती पेल्याची नव्हे, जमिनीची.

पूर्व फ्रान्समधील कोत द'ओर या चिंचोळ्या उतारावर 'पिनो न्वार' द्राक्षापासून ही वाइन होते. तेथील उत्तम मळे एकेकाळी मठांचे आणि सरदारांचे होते. १७८९ मध्ये क्रांतीने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली व पुढे विक्रीस काढली. ती प्रथम धनिकांच्याच हाती पडली, हे विसरता कामा नये. सिस्टर्शियन साधूंनी उभारलेला सुमारे ५० हेक्टरांचा क्लो द वूजो १८८९ मध्ये फुटला. आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. वारसांना समान वाटा देणाऱ्या १८०४ च्या नेपोलियन संहितेने अशा वाटण्यांना गती दिली. त्यातूनच स्वतः वेली छाटणारी, स्वतःच्या तळघरात वाइन मुरवणारी कुटुंबे उभी राहिली.

आज नवे सरदार दारात उभे आहेत. २०१४ मध्ये ऐषारामी वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एलव्हीएमएचने क्लो दे लांब्रे घेतला. १९३२ पासून एकाच कुटुंबाकडे असलेला क्लो द तार २०१७ मध्ये अब्जाधीश पिनो यांच्या समूहाकडे गेला.

'विकणारा राजीखुशीने विकतो,' असे बाजारवादी म्हणतील. या राजीखुशीचे गणित तपासू. सर्वोच्च श्रेणीच्या मळ्याचा सरासरी भाव हेक्टरी ६० लाख युरोंच्या वर गेला आहे. एका हेक्टरातून साधारण साडेचार हजार बाटल्या निघतात असे धरू, आणि खर्च वजा जाता प्रत्येक बाटलीमागे ५० युरो उरतात असे उदारपणे मानू. तरीही जमिनीची किंमत वसूल होण्यास सव्वीस वर्षांहून अधिक काळ लागेल, तोही व्याज न धरता. बाप वारला की वारसाकर या बाजारभावावर बसतो. सरळ वारसांसाठी त्याचा कमाल दर ४५ टक्के आहे. भावंडे आपला वाटा याच भावाने मागतात. कालपर्यंत मळा वाटून देणारी समानता आज कसणाऱ्यालाच विकावयास लावते. याला राजीखुशी म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे.

फ्रान्समध्ये १९६० च्या कायद्याने शेतजमिनीच्या खरेदीत अग्रहक्क असलेल्या 'साफेर' संस्था निर्माण झाल्या. परंतु जमिनीऐवजी कंपनीचे भाग विकले की त्यांचा हात बहुधा आखडे. २०२१ च्या कायद्याने ही पळवाट अंशतः बुजवली, पण निकष ठेवला क्षेत्रफळाचा! जेथे दोन-चार हेक्टरांतच कोट्यवधी युरो दडलेले असतात, तेथे क्षेत्रफळाच्या फूटपट्टीने काय मोजणार?

कुटुंबाचा मळा म्हणजे रामराज्य, असेही मानण्याचे कारण नाही. तोडणीच्या दिवसांत तेथे हंगामी मजूरच वाकून घड खुडतात. त्यांचा वाटा कोणत्याही वाटणीपत्रात नसतो. तरीही जो मालक त्यांच्या शेजारी बांधावर उभा असतो, त्याच्याशी मजुराला भांडता येते. पॅरिसमधील समभागधारकाशी कसे भांडणार?

म्हणून जमिनीचे मूल्य वारसाकरासाठी उत्पन्नावरून ठरावे, कसणाऱ्या वारसापुरते. आणि भागविक्रीवर अग्रहक्क मूल्य पाहून लागू व्हावा. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण कुळांसाठी दिली. तिचा अर्थ कोणत्याही देशाच्या सीमेवर संपत नाही.