उड्या चालतील, गाणीं नकोत !

नृसिंहवाडीच्या वडिलार्जित घरीं आम्ही दर सुटींत येतों तें शांततेसाठीं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बासुंदीच्या दर्जाखेरीज दुसऱ्या कशावर वाद झालेला आम्हीं आजवर ऐकला नव्हता. या खेपेस मात्र गांवांत एक नवाच वाद चाललेला आढळला. आणि आमचें मत कोणीं विचारलें नसतांही तें दिल्यावांचून राहवत नाहीं.

प्रकरण असें. येथलाच एक तरुण मुंबईंत नोकरीस असतां कापोएरा नांवाचा ब्राझील देशांतला खेळ शिकला, आणि घरीं परतल्यावर नदीकांठच्या मोकळ्या जागेंत सायंकाळीं दहाबारा मुलामुलींना तो शिकवूं लागला. मुलें वर्तुळ करून उभीं राहतात. एकजण बेरिंबाऊ नांवाचें धनुष्यासारखें वाद्य वाजवितो, बाकीचीं टाळ्या देऊन गातात, आणि मध्यें दोघें एकमेकांवर लाथा झाडीत, पण त्या लागूं न देतां, झुलत, वांकत, हातांवर उलटीं होत खेळतात. पहिले आठ दिवस लोकांनीं कौतुक केलें. मग कुरकुर सुरू झाली, आणि शेवटीं कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं एक मध्यममार्ग काढला : उड्या चालतील, गाणीं नकोत. व्यायाम म्हणून खुशाल शिकवावें. परक्या भाषेंतलें गाणें दत्ताच्या क्षेत्रांत कशाला? तरुण स्वभावानें गरीब आहे. तो ही अट मान्य करण्याच्या बेतांत आहे. म्हणून हा लेख.

गाणीं पोर्तुगीज भाषेंत आहेत, तीं कोणास कळत नाहींत, आणि त्यांत तिकडच्या संतांचीं नांवें येतात, हा पहिला आक्षेप. आम्ही जवळजवळ तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. परक्या भाषेच्या उच्चारानें धर्म बुडत असता तर आमचा केव्हांच तळाला गेला असता. आणि पोर्तुगीज शब्दांची एवढी शिसारी असेल, तर आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनीं उद्यांपासून पगार घेऊं नये व चावीनें कुलूप उघडूं नये. हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांचेच देणें आहे. उपासाच्या दिवशीं तर त्यांची फारच पंचाईत होईल. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो मूळचा ब्राझीलच्या बाजूचा. शेंगदाणा, बटाटा, मिरची हीं सारीं अमेरिका खंडांतलीं. त्या मुलखांतली खिचडी गुरुवारीं पोटांत गेलेली चालते, त्या मुलखांतलें गाणें मात्र कानावर पडलेलें चालत नाहीं, हा न्याय आमच्या बुद्धीस उमगत नाहीं.

असो, हा झाला थट्टेचा भाग. हीं गाणीं कोणाचीं, हा खरा प्रश्न आहे. आफ्रिकेंतून, विशेषतः अंगोलाच्या बाजूनें, जहाजांत कोंबून नेलेल्या गुलामांचीं आणि त्यांच्या वंशजांचीं. ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें संपली ती १८८८ सालीं. आणि अवघ्या दोन वर्षांनीं, १८९० च्या दंडसंहितेनें, रस्त्यांत कापोएरा खेळणें हाच गुन्हा ठरविला. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. माणूस मोकळा केला आणि त्याचा खेळ तुरुंगांत घातला ! बेरिंबाऊवर 'काव्हालारिया' नांवाचा एक ठेका अजून वाजवितात. घोडेस्वार पोलीस येत आहेत, पांगा, अशी सूचना देण्यासाठीं तो होता, असें त्या खेळांतलीं जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. म्हणजे ज्याला आपण अलंकार समजतों ते त्या खेळाचे डोळे आणि कान होते. आजही खेळ संथ व जमिनीलगत खेळावयाचा कीं जलद व उभ्यानें, हें बेरिंबाऊच ठरवितें. तें थांबलें कीं खेळणारे थांबतात. २०१४ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली तीही लाथांची नव्हे, 'रोदा'ची, म्हणजे त्या गाणाऱ्या वर्तुळाची. गाणें काढून घेतल्यावर जें उरतें त्याचें नांव कसरत. आणि कसरतीसाठीं ब्राझीलपर्यंत जाण्याचें कारण नाहीं, आपले सूर्यनमस्कार पुरेसे आहेत.

वाडीच्या लोकांना हें समजावून सांगावें लागावें, याचें नवल वाटतें. टेंबेस्वामींची करुणात्रिपदी ज्या गांवांत रचली गेली तें हें गांव. पालखीबरोबर पदें म्हणण्याची येथली चाल. उद्यां कोणी परदेशस्थ म्हणाला, प्रदक्षिणा चालेल, पदें नकोत, तर याच मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील कीं नाहीं ?

परकेपणाचा बाऊ करणारांनीं पश्चिम किनाऱ्याचा इतिहासही जरा आठवावा. ज्या पोर्तुगिजांनीं अंगोलाचीं माणसें ब्राझीलला नेलीं, त्यांनींच मोझांबिकचीं माणसें गोव्यास आणि दीवला आणलीं. त्यांच्या, व त्यांच्याही आधीं अरबी व्यापाऱ्यांबरोबर आलेल्यांच्या, वंशजांना आपण सिद्दी म्हणतों. गुजरातेंतल्या सिद्दींजवळ मलुंगा नांवाचें एक वाद्य आहे : धनुष्य, एक तार, आणि नाद भरण्यासाठीं भोपळा. बेरिंबाऊचीही घडण हीच. आफ्रिकेच्या एका किनाऱ्यानें निघालेला नाद ब्राझीलला गेला, दुसऱ्या किनाऱ्यानें निघालेला आपल्या शेजारीं येऊन राहिला; आपणच त्याची विचारपूस केली नाहीं.

उलट बाजूनेंही पाहावें. १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखविले, याचा आपणांस अभिमान आहे. २०१९ च्या फेब्रुवारींत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशी खेळाडू खांबावर चढले, तेव्हां आपला आनंद गगनांत मावेना. त्या खेळाडूंना त्यांच्या गांवच्या वडीलधाऱ्यांनीं 'खांब चालेल, नमस्कार नको' असें बजावलें असतें, तर आपण काय म्हटलें असतें ? इकडे तालुक्याच्या गांवींसुद्धां कराटे शिकणारीं आपलीं मुलें कमरेंत वांकून जपानी अंक मोजतात. त्यावर कोणाचा आक्षेप आमच्या ऐकिवांत नाहीं. जपान्याच्या भाषेचा मान राहतो, गुलामाच्या गाण्याचा राहत नाहीं. आमच्या मतें मूळ दुखणें येथें आहे.

राहिला मर्दानी खेळ. आपलें असतां दुसऱ्याचें कशाला, हा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, कारण त्यांतलें दुःख खरें आहे. लाठी, फरीगदगा, विटा, दांडपट्टा ही कोल्हापूरची दौलत. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें शस्त्र बाळगण्यास सरकारी परवान्याचें बंधन आलें, तरी तालमींतल्या वस्तादांनीं ती राखली. २०२४ सालीं दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मानही मिळाला. पण मान मिळालेल्या वस्तूला हात किती जणांचे लागतात ? शिवजयंतीच्या मिरवणुकींत ध्वनिवर्धकांच्या गोंगाटांत पांच मिनिटें पट्टा फिरवून घ्यावयाचा, छायाचित्रें काढावयाचीं, आणि वस्तादांना नारळ देऊन वाटेस लावावयाचें, एवढाच आपला कळवळा. हलगी, घुमकें, कैताळ यांचा जो ताल पटेकऱ्याच्या पावलांत उतरावा लागतो, तो त्या गोंगाटांत त्याला स्वतःलाही ऐकूं येत नाहीं. म्हणजे पट्टा चालेल, हलगी नको ! आपल्या खेळावर हा प्रयोग करून झाल्यावर आतां तोच उपचार पाहुण्याच्या खेळाला सुचविला जात आहे.

खेळ देश बदलतो, हातांतून हात बदलतो, तसा तोही बदलतो, हें आम्हांस ठाऊक आहे. बिंबा नांवाच्या मेस्त्रेनें (त्यांचा मेस्त्रे म्हणजे आपला मेस्त्रीच) १९३२ सालीं साल्वादोर शहरांत शाळा काढली, खेळाला नवें आक्रमक वळण दिलें, आणि पांच वर्षांनीं तिला सरकारी मान्यताही मिळविली. जुनी आंगोला पद्धति पास्तिन्या यांनीं जपली. दोन पंथ झाले, वाद झडले. पण बेरिंबाऊ दोघांपैकीं कोणींही खालीं ठेवलें नाहीं. गुरूनें आंतून केलेला बदल निराळा, आणि कट्ट्यावर बसलेल्या प्रेक्षकानें घातलेली अट निराळी. दहा वर्षें खेळून या मुलांपैकीं एखादीनें त्या ठेक्यावर मराठी गाणें रचलें, तर तें ऐकावयास आम्ही पहिल्या रांगेंत बसूं. परंतु तें तिला सुचण्यासाठीं आज मूळ गाणें तिच्या कानांत पडलें पाहिजे, आणि तें कोणीं कोणत्या बेड्यांत असतां म्हटलें हेंही तिला कळलें पाहिजे. पोर्तुगीज शब्दांचा अर्थ प्रत्येक मुलाच्या वहींत मराठींत लिहवून घ्यावा, एवढी सूचना मात्र त्या तरुणास आम्हीं केली आहे. 'कळत नाहीं' या तक्रारीला तेवढेंच उत्तर योग्य.

अट त्यानें मानूं नये. नदीकांठची जागा नाकारली गेली तर आमच्या घरामागचें परसदार रिकामें आहे. मोठ्या पुरांत तेथें पाणी येतें, एरवीं तें कोणाच्या उपयोगाचें नाहीं. आणि ज्यांना मर्दानी खेळाची खरोखर तळमळ आहे त्यांनीं कोल्हापुराहून वस्तादांना आठवड्यांतून दोन दिवस येथें आणावें. वर्गणीचे पहिले पैसे आम्ही देतों. हिशेबांत हलगीवाल्यांचें मानधन धरलेलें असावें, इतकीच आमची अट.