मतपेटीतून क्षमा मिळत नाही

रविवारची मिस्सा आटोपली की देवळाच्या अंगणात आमच्या गप्पा बराच वेळ चालतात. २०२२ च्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण त्यांत सामील झाला. तो व्यापारी जहाजावर काम करतो आणि तेव्हा रजेवर घरी आला होता. त्याचे बरेचसे सहकारी फिलिपाइन्सचे. ९ मे २०२२ रोजी त्यांच्या देशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि जहाजावर एका पंगतीला जेवणारी ती माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. निकालाची बातमी आली तेव्हा काहींनी जल्लोष केला. एक प्रौढ खलाशी मात्र भरल्या ताटावरून उठला आणि जपमाळ घेऊन आपल्या खोलीत जाऊन बसला.

हे ऐकून आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अरे, लोकांनीच निवडून दिला ना त्याला? मग आता रडायचे कशाला?" शेजारच्यांनी भर घातली, "आणि झाले ते होऊन गेले. आपण ख्रिस्ती माणसे. क्षमा करायला नको का?"

दोन्ही बोल वरवर पाहता शहाणपणाचे होते. त्या दिवशी मी गप्प बसलो. परंतु ते बोल मला आजवर खुपत आहेत, कारण ते केवळ त्या अंगणातले नाहीत. जगात जिथे जिथे निवडून आलेल्या नेत्याला काही नागरिक पहिल्या दिवसापासून विरोध करतात, तिथे तिथे त्यांच्या तोंडावर हेच दोन बोल फेकले जातात. म्हणून त्या खलाशाचे वकीलपत्र घेऊन हे लिहीत आहे.

निवडून आलेले गृहस्थ होते फर्डिनांड मार्कोस (धाकटे). त्यांच्या वडिलांचे नावही फर्डिनांड मार्कोसच. थोरले मार्कोस १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. दुसरा कार्यकाळ संपत आला, तशी सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी देशात लष्करी कायदा पुकारला, संसद बंद पाडली, वृत्तपत्रांना टाळे ठोकले आणि विरोधकांना तुरुंगात डांबले. लष्करी कायदा कागदोपत्री १९८१ मध्ये उठला, तरी सत्ता त्यांच्याच मुठीत राहिली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आकड्यांनुसार त्या काळात सुमारे ७०,००० माणसे कैदेत पडली, सुमारे ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२०० हून अधिक जणांचे प्राण गेले.

आकडे मोठे असले की मन बधिर होते. म्हणून त्यांतील एकच जीव पाहू. आर्किमिडीस त्रहानो हा २१ वर्षांचा विद्यार्थी. ऑगस्ट १९७७ मध्ये मनिला येथील एका खुल्या सभेत त्याने एक प्रश्न विचारला. देशव्यापी युवक संघटनेच्या प्रमुखपदी राष्ट्राध्यक्षांची कन्या इमी मार्कोस हिचीच नेमणूक का व्हावी, एवढाच तो प्रश्न होता. रक्षकांनी त्याला सभेतून ओढून नेले. काही दिवसांनी त्याचे छिन्नविच्छिन्न प्रेत सापडले. पुढे त्याच्या आईने हवाई येथील अमेरिकन न्यायालयात दाद मागितली. १९९१ मध्ये त्या न्यायालयाने इमी मार्कोस यांना जबाबदार धरून ४० लाख डॉलरांहून अधिक भरपाईचा निकाल दिला. फिलिपाइन्समध्ये मात्र तो अमलात येऊ शकला नाही. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते, या कारणास्तव तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो गैरलागू ठरवला. इमी मार्कोस २०१९ मध्ये सिनेटवर निवडून आल्या आणि २०२२ मध्ये त्यांचे बंधू राष्ट्राध्यक्ष झाले. त्रहानोच्या प्रश्नाला मात्र आजवर कोणीही उत्तर दिलेले नाही.

आता पहिल्या बोलाकडे वळू. लोकांनी निवडून दिले, ही गोष्ट खरी आहे. धाकट्या मार्कोस यांना ३ कोटी १० लाखांहून अधिक, म्हणजे जवळजवळ ५९ टक्के मते पडली. त्यांच्या प्रमुख प्रतिस्पर्धी लेनी रॉब्रेडो यांना त्याच्या निम्मीही पडली नाहीत. मतमोजणीविषयी काहींनी शंका घेतल्या. परंतु माझे म्हणणे त्या शंकांवर उभे नाही. निकाल मान्य करूनच मी बोलतो आहे.

मत म्हणजे काय? मत म्हणजे राज्य करण्याचा परवाना. तो ठरावीक मुदतीचा असतो आणि घटनेच्या चौकटीतला असतो. त्या परवान्याने कालची हत्या 'न झालेली' ठरत नाही, चोरलेले धन आपले होत नाही आणि परवाना न देणाऱ्याच्या ओठांना कुलूपही लागत नाही. शंभरांपैकी एकोणसाठांनी होकार दिला, म्हणून उरलेल्या एकेचाळीसांनी आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकावी, असे कोणत्या घटनेत लिहिले आहे?

शिवाय हे मत कमावले कोणी, तेही विसरू नये. ७ फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत थोरल्या मार्कोस यांनी आकडे फिरवण्याचा घाट घातला, तेव्हा मोजणीच्या संगणकांवर बसलेले तंत्रज्ञ काम टाकून बाहेर पडले आणि बाक्लारान येथील देवळात आश्रयाला गेले. कपटाने मिळवलेल्या सत्तेला नैतिक पाया नसतो, असे तेथील बिशपांच्या परिषदेने स्पष्ट शब्दांत जाहीर केले. मनिलाचे कार्डिनल हायमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली आणि २२ ते २५ फेब्रुवारी या चार दिवसांत लाखो लोक एद्सा नावाच्या हमरस्त्यावर उतरले. धर्मभगिनी जपमाळ हातात घेऊन रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्या. मार्कोस कुटुंबाला देश सोडून पळावे लागले. तेव्हा २०२२ मध्ये विरोध करणारे नागरिक मतपेटीचे वैरी नव्हते. ज्यांनी ती मतपेटी सोडवून आणली, त्यांच्यातले ते होते किंवा त्यांची मुलेबाळे होती.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी निर्भयपणे निषेधाचा सूर लावला. ज्या नेत्या १९७७ मध्ये पराभूत झाल्या, त्याच १९८० मध्ये प्रचंड बहुमताने परत आल्या. म्हणून दुर्गाबाईंचे कराडचे शब्द खोटे ठरले काय? लोकांनी सरकार निवडले होते. १९७५ चा इतिहास काही बदललेला नव्हता.

दुसरा बोल अधिक नाजूक आहे, कारण तो आपल्या श्रद्धेच्या नावाने येतो. क्षमा करायला नको का? अवश्य करायला हवी. परंतु क्षमेविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते, हे आपण पहिल्या प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीतच शिकलो आहोत. आधी विवेकाची तपासणी, मग मनापासून पश्चात्ताप, मग मुखाने कबुली आणि शेवटी झाल्या नुकसानीची भरपाई. जकातदार जक्कयाच्या घरी तारण आले, ते तो झाडावर चढला म्हणून नव्हे. लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी त्याने सर्वांदेखत दाखवली. देव उदार आहे हे खरेच. पण त्या औदार्यापुढे जक्कयाने खिशावरचा हात काढला होता.

मार्कोस कुटुंबाने यांतली कोणती पायरी चढली? २०१५ मध्ये माफीविषयी विचारले असता, माफी मागायची ती कशाबद्दल, असा उलट प्रश्न धाकट्या मार्कोस यांनी केला आणि वडिलांच्या काळातील रस्त्यांकडे व विकासाकडे बोट दाखवले. भरपाईचे काय? लुटीची रक्कम ५ ते १० अब्ज डॉलर असावी, असा अंदाज वारंवार दिला गेला आहे. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्विस बँकांतील सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर गैरमार्गाने मिळवलेले ठरवून सरकारजमा केले. २०१३ च्या कायद्याने त्या पैशातून पीडितांना भरपाई ठरली आणि ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले. म्हणजे ज्या राज्याचे हे गृहस्थ प्रमुख झाले, त्या राज्यानेच अत्याचार झाल्याचे कायद्याने कबूल केले आहे. कबुली नाही ती लाभ घेणाऱ्या कुटुंबाची! थोरल्या मार्कोस यांच्या वारसाहक्कावरील २३ अब्ज पेसोंची करआकारणी १९९० च्या दशकातच अंतिम झाली. व्याज चढत गेले. निवडणुकीच्या दिवशीही ते देणे फिटलेले नव्हते.

वडिलांच्या पापाची शिक्षा मुलाला का, असेही विचारले जाते. प्रश्न न्याय्य आहे. पित्याच्या अपराधाचा भार पुत्राने वाहू नये, हे यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलेच आहे. १९७२ मध्ये धाकटे मार्कोस अवघे पंधरा वर्षांचे होते. त्या वेळच्या अत्याचारांबद्दल त्यांना कोणी दोषी धरत नाही. पण १९८३ पासून ते इलोकोस नॉर्टे प्रांताचे गव्हर्नर होते आणि १९८६ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे, वादग्रस्त मालमत्ता हलवू नये हा आदेश मोडल्याबद्दल हवाईच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्यांना व त्यांच्या मातोश्रींना सुमारे ३५ कोटी डॉलरांचा दंड ठोठावला. हे पाप वारशाने आलेले नाही. पापाचा वारसा नाकारायचा आणि धनाचा स्वीकारायचा, हा कोणता न्याय?

आणि सर्वांत मोठी गोष्ट सत्याची. निवडणुकीपूर्वी कित्येक वर्षे लहान लहान चित्रफितींतून लोकांच्या मनावर बिंबवले गेले की, तो काळ सुवर्णयुगाचा होता. मार्कोस यांची संपत्ती एका राजघराण्याने दिलेल्या सोन्यातून आली आणि ते सोने एक दिवस जनतेत वाटले जाईल. वस्तुस्थिती अशी की, १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी देशाची अर्थव्यवस्था ७ टक्क्यांहून अधिक आक्रसली होती आणि विदेशी कर्जाचा डोंगर २५ अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेला होता. मतदारांतील फार मोठी संख्या १९८६ नंतर जन्मलेल्यांची. त्यांनी तो काळ पाहिलेला नाही. म्हणूनच २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथील बिशपांनी काढलेल्या पत्राचे शीर्षक संत योहानाच्या शुभवर्तमानातील सत्य आणि मुक्ती यांविषयीच्या वचनाचे होते. इतिहासाचे विकृतीकरण होत आहे, असा इशारा त्यांनी त्यात दिला. १९८६ मध्ये लोकांनी धर्माचार्यांचे ऐकले. २०२२ मध्ये बहुतेकांनी ऐकले नाही.

का ऐकले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नाही तर आमचे म्हणणे एकांगी ठरेल. एद्सानंतर सरकारे बदलली, पण कसणाऱ्याला जमीन मिळाली नाही, झोपड्या हटल्या नाहीत, सत्ता मोजक्या घराण्यांतच फिरत राहिली. शाळांनी मुलांना तो काळ नीट शिकवला नाही. ख्रिस्तसभेनेही सुरुवातीची काही वर्षे सरकारशी 'टीकात्मक सहकार्या'चे धोरण ठेवले होते. उपाशी माणसाला सुवर्णयुगाची गोष्ट गोड लागली, तर दोष त्याच्या एकट्याचा नाही. म्हणून त्या ३ कोटी लोकांना मूर्ख म्हणणे हेही पापच होय. विरोध करायचा तो असत्याला, भुललेल्या शेजाऱ्याला नव्हे.

पुढे काय घडले? काही चांगलेही घडले. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत हजारो गरिबांचे बळी गेले, त्या प्रकरणी माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या स्वाधीन करण्यात आले, ते याच मार्कोस यांच्या कारकिर्दीत. त्यामागचे राजकारण काहीही असो, मृतांच्या मातांना त्याने थोडा धीर दिला, हे विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. परंतु २०२४ च्या सुट्ट्यांच्या यादीतून एद्साचा २५ फेब्रुवारी वगळला गेला. तो दिवस रविवारी येतो, असे कारण देण्यात आले. २०२५ मध्ये तो मंगळवारी आला, तेव्हा कामाचा दिवस ठरवण्यात आला. त्या दिवशी अनेक कॅथलिक शाळा-महाविद्यालयांनी आपल्या अधिकारात वर्ग बंद ठेवले. पुढे पूरनियंत्रणाच्या कामांतील भ्रष्टाचार उघड झाला, तेव्हा २१ सप्टेंबर २०२५ रोजी, लष्करी कायद्याच्या वर्षदिनीच, हजारो लोक पुन्हा एद्सावर जमले. २०२२ मध्ये ज्यांना 'रडके' म्हटले गेले, त्यांनी आठवण जागी ठेवली नसती, तर त्या तारखेला काही अर्थ उरला असता काय?

वाचकहो, आपल्याही घरांत निवडणुकीनंतर भाऊ भावाशी बोलत नाही, असे प्रसंग येतात. तेव्हा एवढे ध्यानात ठेवू या. निवडून आलेल्याचा अधिकार मानावा, त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी. संत पौलाने तसे शिकवलेच आहे. पण प्रार्थना करणाऱ्याने प्रश्न विचारू नयेत, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. स्वतः पौलाने फिलिप्पै येथे तुरुंगातून गुपचूप सुटून जायला नकार दिला आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे, असा आग्रह धरला. तो सूड नव्हता. घडलेला अन्याय अन्याय म्हणून मान्य व्हावा, एवढीच ती मागणी होती.

ताटावरून उठून गेलेला तो खलाशी सध्या कोणत्या समुद्रावर आहे, मला ठाऊक नाही. त्याने जपमाळेवर क्षमेसाठीच प्रार्थना केली असेल, अशी माझी समजूत आहे. क्षमा करायला तो केव्हाचा तयार असेल. ती मागायला अजून कोणी आलेले नाही.