ढगाळ हवा आणि घाटेअळी

मार्गशीर्षात आभाळ भरून आले की तूर व हरभरा पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात धास्ती उत्पन्न होते. तूर फुलोऱ्यातून शेंगेवर येत असते, हरभऱ्यास घाटे धरू लागलेले असतात, आणि ऐन याच वेळी घाटेअळी दिसू लागते. ढगांमुळे अळी पडली असे म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध विकत आणले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या समजुतीवर केलेला खर्च बहुधा वाया जातो.

ढग अळी आणीत नाहीत. मादी पतंग कळ्या, फुले व कोवळ्या पानांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. आभाळ निरभ्र असले म्हणजे रात्रीचे उष्णतामान बरेच उतरते व किडीची वाढ मंदावते. ढगांमुळे जमिनीची ऊब टिकते आणि ही वाढ वेगाने चालू राहते. उलटपक्षी, जोराची सर आली तर लहान अळ्या धुऊनही जातात. मात्र नुकतीच केलेली फवारणीही त्यांबरोबर जाते.

म्हणून ढगाळ हवा हा शेतात जाऊन पाहण्याचा इशारा समजावा. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग दोन-तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सापडले, अथवा हरभऱ्याच्या १ मीटर ओळीत १ ते २ अळ्या आढळल्या, तरच उपाय किफायतीचा ठरतो. अळी लहान असताना ५ टक्के निंबोळी अर्क अथवा घाटेअळीचा विषाणू उपयोगी पडतो. विषाणू उन्हाने निष्प्रभ होत असल्याने तो सायंकाळीच फवारावा. मोठी अळी घाट्यात डोके खुपसून बसल्यावर औषधाचा गुण कमी येतो.

लहान शेतकऱ्यास रोज अळ्या मोजीत बसणे परवडत नाही, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आठवड्यातून दोनदा, शेतात चार-पाच ठिकाणी पाहण्यास घटकाभर पुरतो. पतंग बांध ओळखीत नाहीत. तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून सापळे पाहिल्यास श्रमही वाटले जातात. उलट, गरज नसता मारलेले औषध अळीवर जगणाऱ्या मित्रकीटकांचा नाश करते व पुढच्या पिढीच्या अळीला रान मोकळे होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने औषधाचे नाव सांगण्यापूर्वी शेतकऱ्यासमवेत ओळीत उतरून अळ्या मोजाव्यात. हंगाम संपल्यावर उन्हाळी खोल नांगरटीचा आग्रह धरावा, म्हणजे मातीतील कोश उन्हाने व पक्ष्यांकडून नष्ट होतील. आभाळ कोणाच्या हाती नाही. पिकावरील नजर मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.