साडेतीन सेकंदांची किंमत

सरकारी खरेदीच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "घ्यायचेच आहे, तर सर्वांत चांगले घ्या." ऐकायला ते उदात्त वाटते. माझे मत मात्र असे की, सरकारी तिजोरीचे जेवढे नुकसान या वाक्याने केले आहे, तेवढे लाचखोरीनेही क्वचितच केले असेल. कारण लाच पकडली जाऊ शकते, या वाक्यावर मात्र कोणी आक्षेप घेत नाही. आज त्याचे एक लहानसे उदाहरण तपासू. समुद्रकिनाऱ्यावरील जीवरक्षकांसाठी वॉटर स्कूटर घ्यायची असेल, तर ती साध्या इंजिनाची घ्यावी की सुपरचार्जर बसविलेली?

प्रथम दोहोंतील फरक समजून घेऊ. वॉटर स्कूटरला बोटीसारखा उघडा पंखा नसतो. तिचा पंप खालून पाणी ओढतो आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकतो. म्हणूनच ती बुडणाऱ्या माणसाच्या अगदी जवळ नेता येते. साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने येईल तेवढीच हवा घेते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा, हवा दाबून आत भरणारा पंखा होय. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्तीही अधिक. 'सी-डू' यंत्रांतील रोटॅक्सचे १६३० सी.सी. इंजिन सुपरचार्जरशिवाय १३० किंवा १७० अश्वशक्ती देते, तर सुपरचार्जरसह २३० पासून ३२५ पर्यंत. आकडे प्रभावी आहेत यात शंका नाही, आणि खरेदी समितीला प्रभावी आकडे फार आवडतात.

आता हिशेब करू. साधे यंत्र ताशी ८० किलोमीटर वेगाने जाते असे धरा आणि सुपरचार्ज्ड यंत्र ताशी १०८. बुडणारा माणूस किनाऱ्यापासून ३०० मीटरवर आहे. साध्या यंत्राला साडेतेरा सेकंद लागतील, दुसऱ्याला दहा. म्हणजे साडेतीन सेकंदांचा फरक. तोही शांत पाण्यावर, पहिल्या क्षणापासून पूर्ण वेग मिळाला असे गृहीत धरून. फुटणाऱ्या लाटांत कोणताही शहाणा चालक यांपैकी एकाही वेगाने जाणार नाही. शिवाय या यंत्राचा मूठ-थ्रॉटल सोडला की पाण्याचा झोत थांबतो आणि झोत थांबला की दिशा बदलण्याची ताकदही जवळजवळ संपते. नवशिक्या चालकाच्या हाती ३०० अश्वशक्ती देणे म्हणजे पोहणाऱ्यांच्या गर्दीत एक नवा धोका सोडणे होय.

याउलट, यंत्र कुलूपबंद शेडमध्ये असेल, किल्ली भांडारपालाकडे असेल, वाळूवरून पाण्यापर्यंत ओढून नेणारी गाडी नादुरुस्त असेल, तर विलंब मिनिटांचा होतो. बुडणाऱ्या माणसाजवळ मिनिटे फारशी नसतात. आपण साडेतीन सेकंद विकत घेतो आणि पाच मिनिटे फुकट घालवतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. जिथे पुढचा रुपया सर्वाधिक उपयोगी पडेल तिथे तो खर्च करावा, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे, आणि प्रशासनात पहिला विसर पडतो तोही त्याचाच.

असे का होते? समितीतील माणसे मूर्ख असतात म्हणून नव्हे. याचे मूळ लेखाशीर्षात आहे. यंत्राची किंमत भांडवली खर्चातून येते. पेट्रोल, सुटे भाग, दुरुस्ती आणि चालकाचे वेतन महसुली खर्चातून येते. भांडवली तरतूद मार्चअखेर संपवायची घाई असते, तर महसुली तरतुदीला दरवर्षी कात्री लागते. सुपरचार्जरचा खरा खर्च या दुसऱ्या शीर्षात दडलेला असतो. सर्वांत शक्तिशाली यंत्रे पूर्ण वेगाने चालविली तर ७० लिटरची टाकी तासाभराच्या आत रिकामी होते. जुन्या काही मॉडेलांत दर १०० तासांनी सुपरचार्जर उघडून त्याची दुरुस्ती करणे आवश्यक होते. नव्यांत ती अट उरलेली नाही, हे मान्य. तरीही खाऱ्या पाण्यात जितके भाग अधिक, तितकी देखभाल अधिक, आणि सुट्या भागांसाठी परदेशाकडे पाहणेही अधिक. खरेदी समितीत महसुली खर्चाची बाजू मांडणारा कोणी बसलेला नसतो.

आणखी एक मुद्दा तर दोन्ही प्रकारच्या यंत्रांना लागू आहे. प्रमुख उत्पादकांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेले पेट्रोल चालेल असे सांगतात. देशाने २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. मग हे यंत्र कोणत्या पंपावर पेट्रोल भरणार? एका बैठकीत मी हा प्रश्न विचारला, तेव्हा क्षणभर शांतता पसरली आणि चर्चा पुन्हा अश्वशक्तीकडे वळली.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, पावसाळी समुद्रात, मागे बचाव-फळी जोडलेली आणि तीन माणसे चढलेली असताना जादा शक्ती लागते. हा मुद्दा पोकळ नाही. पण अशा वेळी हवी असते ती कमी वेगातील ओढ, रुंद व स्थिर सांगाडा आणि कसलेला चालक. कमाल वेगाचा तिथे उपयोग नाही. मोठ्या आकाराचे साधे इंजिन ही ओढ देते. उत्पादकांनाही हे ठाऊक आहे. सी-डूने शोध व बचावासाठी म्हणून जे मॉडेल काढले, त्यात १५५ अश्वशक्तीचे, सुपरचार्जर नसलेले इंजिन होते. ज्याने सुपरचार्जर विकून नफा कमवायचा, तोच बचावकार्यासाठी साधे इंजिन पुढे करत असेल, तर आमच्या समित्यांना अधिक काय कळले आहे?

सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ याबाबत स्पष्ट आहे. विनिर्देश मूलभूत गरज भागविणारे असावेत, अनाठायी खर्च ओढवणारी अनावश्यक वैशिष्ट्ये त्यांत नसावीत. तरीही "२५० अश्वशक्तीपेक्षा कमी नसावे" अशी एक ओळ विनिर्देशात घुसते. या धंद्यात यामाहा, कावासाकी आणि सी-डूची बीआरपी हे तीनच मोठे उत्पादक. त्या एका ओळीने साधी यंत्रे निविदेआधीच बाद होतात. पुढे सर्वांत कमी दर स्वीकारला, असे नस्तीवर अभिमानाने लिहायला आपण मोकळे!

वाचकांपैकी काहींना हा श्रीमंती खेळण्यांचा विषय वाटेल. त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावले. त्यांतील फार थोडे समुद्रात बुडाले असतील. नदी, तलाव, विहिरी यांच्या काठी तर वॉटर स्कूटरच काय, साधी दोरी आणि रबरी कडेही नसते. सुपरचार्जरवर उधळलेला प्रत्येक रुपया या काठांवरून उचललेला असतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. साधे यंत्र घ्या. उरलेल्या पैशांत चालकांना शिकवा, यंत्र ओढणारी गाडी दुरुस्त ठेवा आणि पाच वर्षांच्या इंधन-देखभालीची लेखी हमी असल्याशिवाय खरेदीला मंजुरी देऊ नका.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक काम सुचवतो. पुरी, कोवळम, रुषिकोंडा, जिथे कुठे तुम्ही राहता वा सुटीला जाता, तिथल्या किनाऱ्यावरील यंत्राची चौकशी करा. या यंत्रांवर इंजिन किती तास चालले हे दाखवणारी नोंद असते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली संबंधित कार्यालयाला तीनच गोष्टी विचारा : यंत्राची किंमत, खरेदीची तारीख आणि आजवरचे इंजिनाचे तास. किमतीला तासांनी भागा. जे उत्तर येईल, ते त्या कार्यालयाच्या वरिष्ठांना कळवा. अश्वशक्तीबद्दल काही विचारायची गरज नाही.