लॉग म्हणजे कचरा नव्हे!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही कबुली मराठीतच द्यायची आहे.

मित्रहो, मागच्या सेममध्ये मेसच्या एक्स्ट्रांचे नऊ दिवस गायब झाले होते, आठवतंय? ते मी केलं. मेसचा हिशोब एसक्यूएल सर्व्हरवर आहे आणि ते सॉफ्टवेअर मी सांभाळते. एका रविवारी डिस्क फुल्ल! बघते तर डेटा जेमतेम 200 एमबी आणि लॉगची फाइल 18 जीबी. मला वाटलं, लॉग म्हणजे जुन्या नोंदींचा कचरा. अडकलेलं मशीन बटण दाबून बंद केलं, परत चालू करून फाइल उडवली. डेटाबेस उघडेचना. फुल बॅकअप होता, पण नऊ दिवसांपूर्वीचा.

गंमत (आता गंमतच म्हणायची) अशी, की ते नऊ दिवस त्या 18 जीबीतच होते. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, मग डेटाच्या फाइलमध्ये. माझे आजोबा दुकानात हेच करायचे. आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी जळाली तरी कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. त्या लॉगचा बॅकअप घेऊन जुन्या फुल बॅकअपवर चढवला असता, तर शेवटच्या ऑम्लेटपर्यंत सगळं परत आलं असतं.

आणि लॉग फुगला का? फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही, लॉगचा वेगळा बॅकअप लागतो. त्यानेही लॉग ‘ट्रंकेट’ होतो, म्हणजे आतली जागा फक्त पुन्हा वापरायला मोकळी होते. फाइल लहान करायची तर ‘श्रिंक’. हे शब्द मला तोंडपाठ होते हो, ओरलला मार्कही मिळाले!

गिटलॅबमध्ये 31 जानेवारी 2017 ला एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला, तेव्हा कळलं की नेहमीचा बॅकअप फेलच होत होता. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेल्या कॉपीवर निभावलं.

म्हणून सरांना विनंती, डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला व्याख्या नकोत. डेटाबेस मोडून द्या आणि रिस्टोअर करायला लावा.

माझे नऊ दिवस शेवटी मेसच्या काकांच्या वहीवरून भरले. तीन रात्री लागल्या. काही अंडी अजून जुळत नाहीत.