'नाटू' म्हणजे 'नाचो' नव्हे, मंडळी!



परवा आपल्या ग्रुपवर कुणीतरी जुना विषय परत उकरून काढला. "ते नाटू नाटू म्हणजे नुसता धांगडधिंगा. त्याला ऑस्कर? मग आमच्या बाबूजींना का नाही?" खाली अंगठ्यांची रांग. मी अंगठा दिला नाही. उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून इथे टाकतोय. राग आला तर येऊ द्या, आपण घरचेच आहोत.

13 मार्च 2023, सोमवारची सकाळ. मलकपेठेत ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर तेच गाणं चालू होतं, गंजातल्या हमालांपासून मेट्रोच्या जिन्यावरच्या पोरांपर्यंत. भारतीय चित्रपटातल्या गाण्याला ऑस्कर मिळाल्याची ती पहिलीच वेळ. ('जय हो'ला 2009 साली मिळालं होतं, पण तो चित्रपट ब्रिटिश होता.) तेवढ्यात पुण्याहून आतेभावाचा फोन. "अभिनंदन रे, तुमच्या बॉलिवूडनं बाजी मारली!" म्हटलं, बाबा, हे तेलुगू आहे. तर म्हणाला, "तेच ते."

त्याला मी माफ केलं. ऑस्करच्या मंचावरच्या सूत्रसंचालकानेही बॉलिवूडच म्हटलं होतं, तिथे आतेभावाचं काय घेऊन बसता. पण आपलं काय? आपल्या तीन-तीन, चार-चार पिढ्या या गावात गेल्या. मग मला सांगा, 'नाटू' म्हणजे काय? मी आमच्या ओळखीच्या सात-आठ घरांत विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "नाचो." कारण हिंदीत 'नाचो नाचो' केलंय ना!

अहो, नाटू म्हणजे गावरान. आपण रविवारी दुकानात जाऊन 'नाटु कोडी' मागतो, ती गावरान कोंबडी. तोच हा शब्द. इतकी वर्षं कोंबडी खाल्ली, पण शब्द काही घशाखाली उतरला नाही.

आता त्या धांगडधिंग्यात आहे काय, ते ऐका. शेताच्या बांधावर धूळ उडवत उसळणारा बैल आहे. वडाच्या सावलीत जमलेली पोरं आहेत. करकरणाऱ्या चपला घालून लाठी फिरवणारा गडी आहे. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आहे. आणि पोलेरम्मा देवीच्या जत्रेत नाचणारा पोतराजू आहे. मंडळी, हा पोतराजू कोण? आपल्या मरीआईचा पोतराज! अंगावर आसूड ओढणारा, ज्याला आपण लहानपणी भ्यायचो, तोच. आषाढात बोनालूच्या वेळी तो आपल्याच गल्लीतून जातो आणि आपण ट्रॅफिक अडलं म्हणून चिडचिड करतो.

म्हणजे भाकरी आपली, ठेचा आपला, पोतराज आपला. आणि आपण म्हणतो, "त्यांचं गाणं."

बाबूजींचा मुद्दा घेतो. माझ्याएवढं गीतरामायण तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल, शंका आहे. पण ऑस्कर ही काही जगातल्या संगीतकारांची गुणवत्ता यादी नाही. त्या वर्षीच्या चित्रपटांसाठी नव्याने लिहिलेल्या गाण्यांतून एक निवडतात, एवढंच. त्यात बाबूजी मोठे की कीरवाणी, हा प्रश्नच नाही. आणि ज्यांना वाटतं की या माणसाला फक्त ढोल बडवता येतात, त्यांनी 'अन्नमय्या' ऐकावा. 1997 चा चित्रपट, त्याच्या संगीतासाठी कीरवाणींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीतल्या 'जख्म' आणि 'सूर'चे एम. एम. क्रीम म्हणजेही हेच. शब्द लिहिणारे चंद्रबोस आपल्या तेलंगणातल्या वरंगलकडच्या खेड्यातले, हैदराबादेत इंजिनीयरिंग शिकलेले. त्यांनीच सांगितलंय की, नव्वद टक्के गाणं अर्ध्या दिवसात झालं आणि उरलेल्या दहा टक्क्यांना एकोणीस महिने लागले. धांगडधिंग्याला कुणी एकोणीस महिने घालवतं का हो? गाणाऱ्या दोघांपैकी राहुल सिप्लीगंज तर हैदराबादचाच पोरगा.

बरं, आपली तरी गोष्ट वेगळी आहे का? 'जोगवा' आठवा. अजय-अतुलना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार, 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही. तेव्हा आपण पेढे वाटले. पण ते संगीत आलं कुठून? यल्लम्माच्या जोगवा मागणाऱ्यांकडून, ज्यांना आपल्या दिवाणखान्यात कधी कुणी बसवलं नाही. तीच यल्लम्मा इथे बल्कमपेटला आहे. थोडक्यात, दोन्हीकडे मान मिळाला तो गावरान गोष्टीला, आणि दोन्हीकडे नाक मुरडणारे आपणच.

एक कबूल करतो. गाणं थोर काव्य आहे असं माझं म्हणणं नाही. चित्रपटात इतिहासाची ऐशीतैशी आहे, तेही खरं. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादचा गोंड वीर कोमरम भीम ब्रिटिशांच्या मेजवानीत नाचत नव्हता, तो निजामाशी लढून जोडेघाटला पडला. त्यावर भांडायचं तर या, मी तुमच्या बाजूने भांडेन. पण त्यासाठी आधी भीम माहीत पाहिजे.

आता माझा स्वतःचा हिशेब. बँकेत असताना माझी तीन वर्षं खेड्यातल्या शाखेत गेली. कर्जवसुलीला गेलो की कोरडवाहू शेतकरीसुद्धा आधी ताटात जोन्न रोट्टे आणि तोक्कु वाढायचा. भाकरी आणि ठेचाच तो! मी खायचो आणि हप्त्याची तारीख सांगून यायचो. तेलुगू मला बोलता यायचं, तेही वसुलीपुरतं. त्यांच्या ओसरीवर बायका काय गायच्या, हे एकदाही विचारलं नाही. लिपी शिकायची गरज वाटली नाही, कारण फॉर्म इंग्रजीत होते. आज त्याची लाज वाटते, म्हणून तर एवढं लिहितोय.

आणि काळजी वाटते ती नातवाची. त्याला त्या नाचाची पायरी न पायरी येते. पण त्याला तेलुगू वाचता येत नाही, आणि मराठीही अडखळत. आपण ज्ञानेश्वरांचे वारस म्हणून मिरवत राहिलो, शेजाऱ्याची भाषा शिकलो नाही, आणि घरची हातातून निसटली. तेलुगू लोकांनी आपली गावरान भाषा जशीच्या तशी जगापुढे ठेवली, जगाला सोपं जावं म्हणून पातळ केली नाही. शिकण्यासारखं आहे ते हे. ऑस्कर नंतर.

मी संक्रांतीपासून तेलुगू अक्षरं गिरवायला घेतलीत. मूसारामबागपर्यंत चालत जातो आणि दुकानांच्या पाट्या लावून वाचतो. जोडाक्षर आलं की अडतो. मग पानवाला सांगतो आणि हसतो. हसू दे. रात्री नातवाला मराठीचं एक पान मोठ्याने वाचायला लावतो, तेव्हा तो अडतो आणि मी हसत नाही.

कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळी साडेसहाला मलकपेठ मेट्रोच्या खाली भेटा. अंगठे नकोत, माणसं पाहिजेत.

तुमचाच,
एक जुना मलकपेठकर